अण्णा, इथे आम्ही थंडीची वाट बघतो

यलोनाइफ, कॅनडा, २२ मार्च

ती. अण्णा, आई, आज्जी, सगळ्यांना साष्टांग नमस्कार.

दादा, हे मेल तू प्रिंट काढून अण्णांना दे, फोनवर वाचायला लावू नको, त्यांच्या डोळ्यांना त्रास होतो. आज्जीला मात्र मोठ्याने वाचून दाखव. मी परवा दुपारी कॅम्पवरून शहरात आले, सहा आठवड्यांनी, आल्या आल्या अर्धा तास गरम पाण्याखाली उभी राहिले आणि मग चौदा तास सलग झोपले, म्हणून काल फोन झाला नाही, आई रागावू नको.

अण्णा, जानेवारीत तुम्ही जे विचारलं होतं त्याचं उत्तर माझ्याकडून राहून गेलंय. त्या रात्री निफाडला पारा ५ च्या खाली उतरला होता, तुम्ही आणि दादा बागेत शेकोट्या पेटवून बसला होतात, फोनमधून मला दादाचा खोकला ऐकू येत होता. आणि तुम्ही म्हणालात, "आम्ही इथं चार-पाच डिग्रीला घड वाचवायला रात्र जागतो आणि तू मायनस चाळीसमध्ये दगड शोधत हिंडतेस, उन्हाळ्यात जा की." तेवढ्यात लाईन गेली. कॅम्पवरच्या सॅटेलाइट फोनवर एवढं सगळं सांगणं होत नाही, म्हणून आज निवांत लिहितेय.

उन्हाळ्यात का नाही, तर आम्ही हिरे शोधतो ती जागा तळ्याखाली आहे म्हणून.

हिरा ज्या दगडातून वर येतो त्याला किंबर्लाइट म्हणतात. जमिनीखाली दीडशे किलोमीटर आणि त्याहून खोलवरून हा दगड वर उसळून आलेला असतो आणि गाजरासारखी उभी नळी तयार होते, वर रुंद खाली निमुळती, आम्ही तिला पाइप म्हणतो. इथला बाकीचा दगड म्हणजे ग्रॅनाइट आणि तसलेच कडक दगड, त्या मानाने किंबर्लाइट मऊ. मग हिमयुगात दोन-दोन तीन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ या सगळ्यावरून सरकत गेला तेव्हा कडक दगड टिकला आणि मऊ दगड जास्त खरवडला गेला, खड्डा पडला, बर्फ वितळल्यावर त्या खड्ड्यात पाणी साठलं. त्यामुळे इथले कितीतरी पाइप तळ्यांच्या पोटात आहेत. विमानातून बघितलं की जमिनीपेक्षा पाणीच जास्त दिसतं. आता तळ्याच्या मधोमध ड्रिल कसं उभं करणार? उन्हाळ्यात तराफा लागतो, तो या माळावर आणायचा तरी कसा, ना रस्ता ना बंदर. हिवाळ्यात मात्र तळं स्वतःच फरशी होतं. म्हणजे तुम्ही जसे ऑक्टोबर छाटणी झाली की पाऊस येऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवता, तसे आम्ही नोव्हेंबरपासून थंडी पडावी म्हणून बसतो. जेवढी कडक तेवढी चांगली.

आणि नुसतं गोठून भागत नाही. बर्फावर बर्फ पडला ना, म्हणजे वरून भुसभुशीत हिम, तर ते गोधडीसारखं काम करतं, खालच्या बर्फाला थंडी लागू देत नाही आणि तो जाड होत नाही. म्हणून पहिलं काम हिम ढकलून बाजूला करायचं. मग ऑगरने, म्हणजे मोठ्या गिरमिटाने, भोकं पाडायची, टेप सोडून जाडी मोजायची, आणि कमी असेल तर पंपाने तळ्याचंच पाणी वर पसरवायचं, ते गोठलं की परत, परत गोठलं की परत, थरावर थर. शेण सारवल्यासारखं, आज्जी, एक वाळल्याशिवाय दुसरा हात नाही द्यायचा. घाई केली की मधे ओलं राहतं आणि तो थर कच्चा. रंगही बघावा लागतो, काळसर निळा काचेसारखा बर्फ पक्का, आणि हिम भिजून झालेला पांढरा बर्फ हिशोबात निम्म्याच ताकदीचा धरतात. मी सगळी मापं वहीत लिहिते, तारीख, भोकाचा नंबर, किती सेंटीमीटर, पांढरा किती निळा किती. ओसरीवरच्या थर्मामीटरची तुमची वही आहे ना, तश्शीच. मला वाटतं ती सवय तिथूनच आलीय.

आमचा कॅम्प लाक द ग्रा नावाच्या मोठ्या तळ्याच्या भागात आहे, यलोनाइफपासून ईशान्येला साधारण ३०० किलोमीटर. डेने म्हणजे इथले मूळ रहिवासी, त्यांचं त्या तळ्याचं नाव एकाती, अर्थ चरबीचं तळं, कारण तिथल्या खडकातल्या पांढऱ्या गारेच्या शिरा कॅरिबूच्या चरबीसारख्या दिसतात. कॅरिबू म्हणजे इकडचं रानटी हरीण, त्यांचं पुढे सांगते. झाडं संपतात त्याच्याही पुढे आहे हे, नुसता माळ, दगड आणि पाणी.

तिथल्या मोठ्या खाणींना सामान जातं ते बर्फाच्या रस्त्याने. टिबिट ते कॉन्टवॉयटो असा तो रस्ता, १९८२ पासून दर हिवाळ्यात नव्याने बांधतात आणि दर वसंतात तो वितळून जातो. कॉन्टवॉयटोपर्यंत धरला तर सहाशे किलोमीटर, आणि त्यातला साधारण ८५ टक्के गोठलेल्या तळ्यांवरून. फेब्रुवारीच्या सुरवातीला उघडतो, मार्चअखेरीच्या आसपास बंद, म्हणजे वर्षभराचं डिझेल, सिमेंट, टायर, यंत्रं, सगळं आठ-दहा आठवड्यांत वर पोचवायचं. साधारण ७० सेंटीमीटर बर्फ झाला की हलक्या गाड्या सोडतात, पूर्ण भरलेल्या टँकरला मीटरभराच्या पुढे लागतो, आणि रोज रडारवाली गाडी फिरून जाडी तपासते. भरलेल्या ट्रकला तळ्यावर ताशी २५ च्या वर जायचं नाही. मला आधी वाटलं घसरू नये म्हणून असेल, पण कारण वेगळंच आहे, ट्रकच्या वजनाने बर्फ किंचित दबतो आणि खालच्या पाण्यात लाट तयार होते, ती ट्रकच्या पुढे पळत जाते, जोरात गेलात तर काठावर आपटून उलटी फिरते आणि बर्फ खालून फोडते. बर्फावरून जाताना खालच्या पाण्याचा विचार करावा लागतो, हे मला इथे येऊन कळलं.

२००७ साली या रस्त्यावरून जवळपास अकरा हजार भरलेल्या गाड्या गेल्या. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, २००६ ला, हिवाळा गरम गेला, बर्फ जाड झालाच नाही, रस्ता लवकर बंद करावा लागला आणि राहिलेलं सामान महिनोन्महिने विमानांनी न्यावं लागलं. इथले जुने ड्रायव्हर अजून ते वर्ष काढतात, आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ काढतात तसं. म्हणजे इथे दुष्काळ थंडीचा पडतो.

आमचा कॅम्प छोटा, आम्हाला रस्ता नाही, आम्ही ट्विन ऑटर विमानाने जातो, हिवाळ्यात त्याला चाकांऐवजी स्की लावतात आणि ते तळ्यावर उतरतं. उन्हाळ्यात त्याच विमानाला होड्यांसारखे फ्लोट लावतात. पण मधले काही आठवडे, वसंतात बर्फ कुजायला लागतो तेव्हा आणि शरदात नवा बर्फ धरतो तेव्हा, स्कीही चालत नाही आणि फ्लोटही चालत नाही. त्याला ब्रेकअप आणि फ्रीझअप म्हणतात. त्या दिवसांत माळावर माणूस ठेवायचाच नाही असा आमचा नियम, कारण कुणी आजारी पडलं तर आणणार कसं.

थंडी चांगली म्हणलं खरं, पण ती काही लाड करत नाही. फेब्रुवारीतली एक रात्र सांगते, आई तू काळजी करू नको, सगळे सुखरूप आहेत.

ड्रिल चोवीस तास चालतं, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, माझी तेव्हा रात्रपाळी होती. ड्रिलला सतत पाणी लागतं, बिटाला, म्हणजे ड्रिलच्या कापणाऱ्या टोकाला, गार ठेवायला आणि चुरा वर आणायला. ते पाणी तळ्यातल्या भोकातून पंपाने पाइपलाइनमधून येतं, वाटेत तापवून. पाणी वाहतंय तोवर ठीक, थांबलं की संपलं. त्या रात्री मायनस ४३ होतं, वर वारा, पहाटे तीनच्या सुमाराला पंपाचं इंजिन बंद पडलं, डिझेल फिल्टरमध्ये दाटलं होतं. हेल्पर पोरगा पळत गेला पण पाच-सात मिनिटांत लाईन गोठली, आख्खी. आणि भोकात रॉड अडकलेले, पाणी फिरलं नाही तर तेही आत धरून बसणार, मग भोकही गेलं आणि रॉडही गेले. लाईन वितळवायला टायगर टॉर्च असतो, गॅसची मोठी मशाल म्हणा, तो पेटवला तर पेटेचना, कारण प्रोपेन गॅस मायनस ४२ च्या खाली वाफ व्हायचाच थांबतो, सिलिंडरमध्ये नुसतं पाणी होऊन बसतो. मी हे कॉलेजात शिकले होते, पण हातात सिलिंडर धरून कधी अनुभवलं नव्हतं. मग दोन सिलिंडर उचलून तापलेल्या कोअर तंबूत नेले (कोअर म्हणजे ड्रिलने भोकातून काढलेला दगडाचा लांब दांडा, तो तिथे ठेवतो), चुलीपासून लांब ठेवून तासभर थांबलो, तोवर सगळे मिळून लाईनचे तुकडे सोडवून आत ओढत होते, हातमोजे ओले झाले की बदलायचे, चेहऱ्याकडे एकमेकांच्या बघत राहायचं, कारण स्वतःच्या नाकावर पांढरा डाग पडला तर स्वतःला कळत नाही, दुसऱ्याने सांगावं लागतं. सकाळी आठला पाणी परत फिरलं. रॉड सुटले. ड्रिलर माणूस पन्नाशीचा, काही बोलला नाही, नुसता रॉडवर हात ठेवून उभा राहिला बराच वेळ. मला रडू आलं अण्णा, खरंच सांगते, पापण्या चिकटल्या म्हणून पटकन आत गेले.

पेन चालत नाही, सगळं पेन्सिलीनेच लिहायचं. मोबाईलची बॅटरी दोन मिनिटांत मरते. रबराचे होज काचेसारखे तडकतात. हेलिकॉप्टरलाही थंडीची मर्यादा असते, त्याखाली ते उडवत नाहीत. पण मला सगळ्यात नको वाटतो तो वारा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तीन दिवस वादळ होतं, तंबू ते किचन साठ पावलं, दोराला धरून जायचं, एकटं नाही, आणि पुढच्या माणसाची पाठही दिसत नाही. वादळ थांबल्यावरही ढगाळ उजेडात जमीन आणि आभाळ एकच पांढरं होतं, सावलीच पडत नाही, पायलटला कळत नाही की आपण दहा फुटांवर आहोत की शंभर. म्हणून आम्ही काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांत हिम भरून धावपट्टीच्या दोन्ही बाजूंनी ठेवतो, तेवढाच त्याच्या डोळ्याला आधार.

आता तुम्ही विचाराल की तळ्याखाली नेमकं कुठे भोक पाडायचं हे कळतं कसं. ते काम उन्हाळ्यातलं, आणि ते मला मनापासून आवडतं.

बर्फाची चादर सरकताना तिने पाइपची माती खरवडून पुढे नेली आणि पसरवत गेली. त्या मातीत किंबर्लाइटसोबत आलेले बारीक कण असतात, जांभळट लाल गार्नेट, पाचूसारखं हिरवं क्रोम डायॉप्साइड, काळं इल्मेनाइट. हिरे फार कमी, पण हे साथीदार भरपूर. ते सापडले की बर्फ ज्या दिशेने आला त्या दिशेला उलटं चालत जायचं, कण वाढत जातात, आणि एका जागी एकदम संपतात, तिथे मूळ. हिरवे कण लवकर झिजतात, म्हणून ते टवटवीत दिसले की समजायचं जवळ आलो. आपल्या हवेत हे हिरवे कण जमिनीवर फार दिवस टिकत नाहीत, ऊन-पाऊस त्यांना खाऊन टाकतो. इथे थंडीने माती जशीच्या तशी राखून ठेवलीय, फ्रीजमध्ये ठेवल्यासारखी.

आणि खणायचं पण फारसं लागत नाही! जमिनीखाली शेकडो मीटर कायमचं गोठलेलं आहे, उन्हाळ्यात फक्त वरचा मीटर-दोन मीटर थर सुटतो. तो दरवर्षी गोठतो, फुगतो, सुटतो, असं हजारो वर्षं चाललंय, त्यामुळे खालची ताजी माती ढवळून आपोआप वर येते, माळावर गोल गोल चिखलाचे टिळे दिसतात, गवत नसलेले. त्यांना मड बॉइल म्हणतात. आम्ही तिथलीच पिशवी भरतो, दहा-वीस किलो. हिवाळ्याने नांगरून ठेवलेलं रान आहे ते.

अशाच मातीच्या पिशव्या भरत चक फिप्की आणि स्टुअर्ट ब्लूसन हे दोघं जिऑलॉजिस्ट १९८१ पासून हिंडत होते. पश्चिमेकडून सुरवात केली, शेकडो किलोमीटर मागे मागे चालत गेले, पैसे संपत आलेले, मोठ्या कंपन्या सोडून गेलेल्या. शेवटी लाक द ग्राजवळ पॉइंट लेक नावाच्या तळ्याखाली ड्रिलने किंबर्लाइट लागला, नोव्हेंबर १९९१ मध्ये जाहीर झालं की ५९ किलो कोअरमध्ये ८१ बारीक हिरे निघाले. सात वर्षांनी, १९९८ ला, एकाती खाण सुरू झाली, कॅनडाची पहिली हिऱ्याची खाण. दहा उन्हाळे ते दोघं डास खात फिरले. डासांचं मी आईला सांगणार नाही.

उन्हाळ्याचं संकट म्हणजे धूर. २०२३ च्या ऑगस्टमध्ये इकडचे जंगलवणवे यलोनाइफपर्यंत आले आणि वीस हजार माणसांचं आख्खं शहर रिकामं करायला लावलं तेव्हा तुम्ही रात्रभर फोन धरून बसला होतात, मी गाडीत होते आणि रेंज नव्हती, ती रात्र मी विसरले नाही. आमच्या दोनशेच्या वर पिशव्या तेव्हा माळावर तशाच राहिल्या, धुरात हेलिकॉप्टर उडेना. पाऊस नाही, ऊन कडक, रान वाळलेलं, बाकी काही कारण लागत नाही.

अण्णा, तुम्हाला आवडेल असं एक सांगते. आफ्रिकेत किंबर्लीला, जिथून या दगडाचं नाव आलं, पूर्वी खाणीतून काढलेला निळा दगड फोडायचेच नाहीत. मोकळ्या रानात पसरून ठेवायचे, महिनोन्महिने, ऊन-पाऊस खायला. आपोआप ढेकळं विरघळायची आणि मग धुऊन हिरे काढायचे. तुम्ही उन्हाळ्यात नांगरट करून रान तापत ठेवता आणि पहिल्या पावसाला ढेकळं फुटतात, तेच की हे. आमच्या कोअर बॉक्समध्ये पण होतं असं, तंबूत ऊब लागली की चांगला टणक दिसणारा तुकडा सकाळी भुगा झालेला असतो, म्हणून कोअर वर आला की ताबडतोब फोटो आणि नोंदी, थांबायचं नाही.

आणि एकातीच्या एका पाइपमध्ये खोलवर लाकूड सापडलंय. दगड झालेलं नाही, खरंखुरं लाकूड, साधारण पाच कोटी तीस लाख वर्षांपूर्वीचं, रेडवुडच्या जातीचं. पाइप फुटला तेव्हा झाड आत पडलं आणि राहिलं. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड तेव्हा आधीच सव्वा कोटी वर्षं जुना होता. जिथे आज गुडघ्याएवढं झुडूप धड वाढत नाही तिथे गरम दमट हवा आणि उंचच उंच जंगल! मी रात्री तळ्यावर उभी असते, सगळीकडे पांढरं, आणि हे मनात येतं.

पण तेव्हाचा बदल लाखो वर्षांचा आणि आत्ताचा माणसाच्या एका आयुष्यातला. आमच्यासोबत एक डेने काका असतात, सत्तरीचे, प्राण्यांवर लक्ष ठेवायला. ते सांगतात, लहानपणी ज्या सुमाराला ते या तळ्यांवरून बिनधास्त कुत्र्यांची गाडी हाकायचे त्या सुमाराला आता बर्फ भरवशाचा नसतो. मी वहीतली मापं दाखवली तर त्यांनी नुसती मान हलवली, त्यांना पायाखाली कळतं. कॅरिबू दिसले की आम्ही हेलिकॉप्टर लांब ठेवतो, गरज पडली तर ड्रिलही बंद करतो. इथल्या बाथर्स्ट कळपात १९८६ ला जवळपास चार लाख सत्तर हजार जनावरं होती, २०२१ च्या मोजणीत सव्वासहा हजारांच्या आसपास. कारणं पुष्कळ सांगतात, हवामान त्यातलं एक, आणि खाणी आणि रस्ते यांचंही नाव निघतं. मी हे काम करते आणि तरी हे लिहितेय, कारण मला ते टोचतं. काकांसमोर त्यावर मला बोलता येत नाही, मी फक्त ऐकते.

बागेचं कळवा. दादा म्हणत होता व्यापारी भाव पाडून मागतोय, तसं असेल तर बेदाणाच करा, शेड आहेच. अवकाळीचा अंदाज आहे का? मी इथे रोज नाशिकचं हवामान बघते. खरड छाटणी एप्रिलच्या कितव्या तारखेला धरताय तेही सांगा.

२८ ला मी परत वर जाते, एप्रिलअखेरपर्यंत अजून दोन भोकं पूर्ण करायची आहेत. बर्फ कुजायला लागला की कॅम्प बंद आणि मग मी घरी, तिकीट १० मे नंतरचं काढीन म्हणतेय पण अजून काढलं नाही, आधी बर्फ बघते. अण्णा, तुमच्या वहीतले डिसेंबर-जानेवारीचे आकडे दादाला फोटो काढून पाठवायला सांगा, मला हवेत. माझ्या वहीतला शेवटचा आकडा १९ मार्चचा आहे, भोक नंबर ७, एकशे बेचाळीस सेंटीमीटर, त्यातला पांढरा फक्त अकरा.

तुमची,
माई